अर्ध्या कागदावरची पृथ्वी

२४ जुलै १९९९, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. संकल्प असे: पहाटे पाचला उठणे, चहा अर्धा कप, आणि संयोगिताबद्दलचा निर्णय आठ दिवसांत घेणे. तसा निर्णय होकाराचाच आहे. फक्त घ्यायचा राहिला आहे.

मे महिन्याच्या सुरुवातीला आई आणि मी कुंडलला जाऊन तिला बघून आलो. वडील सुभेदार जोतिबा, रिटायर्ड. ती इस्लामपूरला टायपिंग शिकवते. तिनं मला विचारलं, मिनिटाला शब्द किती? मी म्हटलं, मला टायपिंग येत नाही. ती म्हणाली, टायपिंगचं नाही, बोलण्याचं विचारतेय. सगळे हसले. मीही हसलो, पण नंतर, एस.टी.त बसल्यावर.

मग अधिक महिना लागला, सगळ्यांचाच नाइलाज झाला. तो संपला तर आमच्या हळदीच्या दुकानात कामाची गर्दी. आज आषाढी. आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त बंद. माणसाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून पंचांगाइतकं कोणी झटत नाही.

२५ जुलै

उठलो सव्वाआठला. पाचला जाग आली असावी, असं आठवतं.

२ ऑगस्ट, सोमवार, दुपारी

जग बदलून टाकणारी बातमी. मला कळली, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात बाकी कोणाला पत्ता नाही.

झालं असं. सकाळी सुभेदार बाजाराला आले होते, ते दुकानात डोकावले. आमचे मालक आप्पासो म्हणाले, पाहुण्यांना नमुन्याची हळद दे. मी रद्दीतलं पान मधोमध फाडलं, अर्ध्यात पाव किलोची पुडी बांधली, त्यांच्या पिशवीत घातली. ते गेल्यावर उरलेला अर्धा कागद वाचला. अमेरिकेत दोन मैलांहून मोठं गोल यंत्र बांधलंय. त्यात सोन्याचे अणू भयानक वेगानं एकमेकांवर आपटणार. त्यातून म्हणे एक विचित्र द्रव्य तयार होऊ शकतं, ते शेजारच्या वस्तूलाही आपल्यासारखं करतं. ‘मग सगळी पृथ्वीच गिळंकृत होईल का, असे विचारले असता शास्त्रज्ञ म्हणाले की’

इथं कागद संपतो. पुढचं कुंडलला गेलं.

मी बी.एस्सी.ची दोन वर्षं केलेली आहेत, फिजिक्ससह. वाक्य कसं संपलं असणार हे मला सांगायला लागत नाही.

४ ऑगस्ट

कुंडलला फोन करून उरलेला कागद मागावा का? सुभेदारांच्या शेजारी फोन आहे. पण एका पुडीच्या कागदासाठी माणसं हलवणं बरं दिसत नाही. शिवाय सायंटिफिक माणसानं अर्ध्या पुराव्यावरही विचार करता आला पाहिजे.

११ ऑगस्ट, बुधवार

ग्रहण. ढग होते. दिसलं नाही.

आप्पासोंना सोन्याच्या अणूंचं सांगितलं. त्यांनी विचारलं, आपटून झाल्यावर सोनं परत मिळतं का. नाही म्हटल्यावर त्यांचा अमेरिकेवरचा विश्वास कायमचा उडाला. पृथ्वीचं त्यांना काही वाटलं नाही.

आमचा हमाल बिराप्पा जतकडचा. तो शांतपणे ऐकून म्हणाला, जायाचीच असंल तर सगळ्यांची संगंच जाणार की, मग आपलं एकट्याचं काय वाईट हाय. अशिक्षितपणाचा एक फायदा असतो, टेन्शन येत नाही.

५ सप्टेंबर, रविवार

संयोगिताचं पत्र. टाइप केलेलं, एकही खाडाखोड नाही. पूर्ण मजकूर: ‘विचार झाला असेल तर कळवा. नसेल झाला तरी कळवा.’

उत्तराचे सात मसुदे केले. पहिल्यात होकार होता. दुसऱ्यात होकार आणि कारणं. तिसऱ्यापासून नुसती कारणं उरली.

अशा परिस्थितीत एखाद्या मुलीला संसारात ओढणं हा तिच्यावर अन्याय आहे. हे मी स्वतःसाठी म्हणत नाही. मला भीती वाटत नाही.

७ सप्टेंबर

पत्र टाकलं. ‘जागतिक परिस्थिती अनिश्चित आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, १४ नोव्हेंबरला, दुकानात समक्ष सांगतो.’ तारीख मी काढली. कागदावर नुसतं वर्षअखेर आहे. पण एवढा मोठा प्रयोग ते सुट्टीच्या दिवशीच करणार, आणि आमची दिवाळी होईपर्यंत थांबण्याइतकी माणुसकी अमेरिकेत असावी. चौदा तारखेला यंत्र चालू होईल. पंधराला पृथ्वी असली तर होकार. इतका स्वच्छ निर्णय माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झाला.

आईनं विचारलं, काय लिहिलंस. म्हटलं, होकारच, तारखेसह. ती देवापुढं साखर ठेवायला गेली. तिला थांबवावं असं वाटलं होतं. थांबवलं नाही.

२० ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा. आम्ही हरिपूरला राहतो, त्यामुळं संगमेश्वराला आलेला माणूस आमच्या घरावरूनच जातो. सुभेदार आणि संयोगिता देवळातून सरळ घरी आले. मी चौदा तारखेची मानसिक तयारी केलेली, एकोणीस ऑक्टोबरची नव्हती.

तिनं आपट्याची पानं हातावर ठेवली आणि म्हणाली, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. माझ्या डोक्यात सोनं, आपटा, आपटणं, अणू, सगळं एकदम फिरलं, आणि पानं खाली पडली. तिनं ती उचलून परत दिली. दुसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी धरली.

तिचा हात गार होता. हे लिहून ठेवण्याचं कारण नाही. तरी लिहिलं.

जाताना ती म्हणाली, तुमच्या त्या पुडीच्या कागदावर मोठी गंमत होती. मी घाईघाईनं सुभेदारांना उसाचं विचारलं. ते अर्धा तास बोलले. ती माझ्याकडं बघत राहिली होती, मी बघितलं नाही, पण कळलं.

ते गेल्यावर आईनं ताटं मांडली. बाबा गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून या घरात दोनच ताटं. आई खाली बघून जेवते, मी पेपर बघून. तिसरं ताट आलं की कोणीतरी रोज समोर बसून माझ्याकडं बघणार, आणि मी आतून नक्की काय आहे ते पंधरा दिवसांत ओळखणार. त्या विचित्र द्रव्यापेक्षा मला याचं जास्त

हे पान फाडून टाकणे.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पान फाडायचं राहिलं.

उपाय सापडला. पेव! अख्ख्या सांगलीची हळद आमच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत राहते. वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली पंचवीस फूट पोकळी. हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. ज्या जागी हळद टिकते त्या जागी बी.एस्सी.ची दोन वर्षं झालेला माणूस एक रविवार टिकणार नाही का? आप्पासोंचं एक पेव सध्या रिकामं आहे.

पृथ्वीच गेली तर पेव कशात राहणार, अशी एक शंका मनात आली. दिवाळीच्या दिवशी निगेटिव्ह विचार नको.

१३ नोव्हेंबर, शनिवार

पेवाचं तोंड उघडून ठेवलं. आत कोंडलेली हवा वाईट असते, म्हणून आदल्या दिवशी उघडतात. बिराप्पाला सांगितलं, तपासणी आहे. सोबत: बॅटरी, पाण्याची कळशी, दशम्या, रोजनिशी. आईला सांगितलं, आप्पासोंचं काम आहे.

उद्या पाहुणे दुकानात येणार. दुकान रविवारी बंद असतं, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. खरं म्हणजे आत्ता नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९.१०, पेव

बिराप्पानं आधी कंदील सोडला. विझला नाही. मग मला सोडलं. वाटेत तोंडापाशी पोट थोडं अडकलं. त्यानं वरून पायानं दाबलं.

९.३०

शांत. तळाला हळदीची भुकटी, ढोपरभर पाचट. विचार करायला उत्तम जागा. इतकी वर्षं मी जमिनीच्या वर उगाच राहिलो.

१०.१५

दशम्या संपल्या.

११.००

बिराप्पाला हाक मारली. उत्तर नाही. दोरही नाही. पलीकडच्या पेवातली हळद काढायला घेऊन गेलेला दिसतोय. वर बशीएवढा उजेड. पृथ्वी अद्याप आहे.

११.४०

घाम आणि हळद यांचं मिश्रण होत आहे. दोनदा भिंतीवरून चढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा चार फुटांवरून खाली. अमेरिकेला आता लवकर उरकून घ्या म्हणावं.

दुपारी १२.५०

हे लिहितो, कारण नंतर मी हे वेगळं सांगेन.

उजेड एकदम अर्धा झाला. वर कोणीतरी वाकलं होतं. आधी बिराप्पाचा आवाज: हितंच हाईत बगा, सकाळपास्नं. खोटं बोल म्हणून त्याला सांगायचं मी विसरलो होतो. मग सुभेदार खाकरले. मग ती. दुकान बंद बघून त्यांनी चौकशी केली होती आणि हरिपूरपर्यंत आले होते.

चेहरा दिसत नव्हता, फक्त डोक्याचा आकार. पेवात आवाज घुमतो, त्यामुळं तिचं एकेक वाक्य दोनदा ऐकू आलं.

“आज चौदा तारीख हाय. तुमी वर येताय, का मी हितनंच विचारू?”

दोर नाही, असं मी म्हणालो. बिराप्पा म्हणाला, आणतो की, पाच मिंटं. का कोण जाणे, मी म्हणालो, नको.

“मग हितनंच सांगा. तुमाला लगीनच करायचं न्हाई, का माझ्यासंगं करायचं न्हाई?”

करायचं आहे, हे दोन शब्द. मिनिटाला दोन शब्द कोणालाही जमतात. मी वर बघितलं, हळद डोळ्यात गेली, आणि माझ्या तोंडून निघालं: संध्याकाळपर्यंत थांबा, आज एक प्रयोग आहे.

काठावरची थोडी माती माझ्यावर पडली.

“बरं,” ती म्हणाली. बरं, बरं. मग उजेड पुन्हा पूर्ण झाला.

४.२०

बिराप्पानं वर काढलं. तोंडापाशी पुन्हा अडकलो. या वेळी त्यानं वरून ओढलं. पृथ्वी जशीच्या तशी होती. समोर म्हैस चरत होती. ती दोघं अडीचच्या गाडीनं गेली होती.

१५ नोव्हेंबर, सोमवार

तीन वेळा अंघोळ. पिवळा तो पिवळाच. आप्पासो म्हणाले, पी हळद अन् हो गोरी म्हणत्यात, तू तर मुंडावळ्या बांधायचाच राहिलास. सगळा यार्ड हसला. आई हसली नाही. तिनं डाळीचं पीठ लावून माझी पाठ घासली, लहानपणी घासायची तशी, आणि म्हणाली, “सिद्धू, पोरगी लय चांगली हुती रं.” हुती म्हणाली. मी व्याकरण दुरुस्त केलं नाही.

पृथ्वी आहे, म्हणजे ठरल्याप्रमाणं होकार. उद्या कळवणे. आधी रंग जाऊ दे.

२२ नोव्हेंबर

परवा तुळशीचं लग्न झालं. आज कुंडलचं पाकीट. आत घडी घातलेला पुडीचा अर्धा कागद आणि टाइप केलेली एक ओळ: ‘तुमचा कागद. आमचा ऑगस्टमध्येच वाचून झाला.’

माझा अर्धा शेजारी लावला. ‘…शास्त्रज्ञ म्हणाले की’ आणि पुढं: ‘असे होणे शक्य नाही. याहून जोरदार आदळआपट अवकाशात अब्जावधी वर्षे चालू आहे, आणि चंद्र अजून जागेवर आहे.’

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. दसऱ्याला ती मला तेच सांगायला आली होती. तरी ती चौदा तारखेपर्यंत थांबली. मला यंत्राची भीती नव्हती, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

उद्या पहिल्या एस.टी.नं कुंडल. पक्कं.

२३ नोव्हेंबर

उठलो सव्वाआठला.

२८ नोव्हेंबर, रविवार

गेलो! पलूसपर्यंत. तिथं गाडी अर्धा तास थांबली. तेवढ्यात समोर सांगलीची गाडी लागली, आणि ती रिकामी होती.

८ डिसेंबर, बुधवार

पत्रिका आली. कोपऱ्यांना हळदीकुंकू. चि. सौ. कां. संयोगिता आणि चि. शिवतेज, मलकापूर. रविवारी दुपारी बारा वीसचा मुहूर्त. मलकापूरची माणसं बघायला आली आणि तिथंच बसल्या जागी हो म्हणाली, असं सुभेदारांनी आप्पासोंना सांगितलं. आईनं पत्रिका देवापुढं ठेवली. मग उचलून कपाटात ठेवली.

सुभेदारांची चिठ्ठीही होती, दुकानाच्या नावानं. लग्नाची हळद, दोन किलो, चांगल्यातली. आप्पासो म्हणाले, बिराप्पा बांधंल. मी म्हटलं, मीच बांधतो. हळद चाळली. काट्यावर दोन किलो झाल्यावर आणखी एक मूठ टाकली. आप्पासोंनी बघितलं आणि वहीत दोनच किलो लिहिलं. दोन्ही अर्धे कागद खिशात होते, शेजारी लावले की अख्खं पान होतं. त्यात हळदीची पिशवी गुंडाळली, वरून सुतळी बांधली. गाठ दोनदा सुटली.

बिराप्पा पुडी घेऊन एस.टी. स्टँडवर गेला. माझ्या नखांतला पिवळा रंग अजून निघालेला नाही. आई म्हणते, जाईल हळूहळू.

आज संकल्प नाही.