रानमोडीची पोपटी

पनवेल,
फेब्रुवारीतला तिसरा रविवार

प्रिय जनीआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि उठायच्या आधीच एक प्रश्न विचारते, कारण त्याचं उत्तर मला येत नाही आणि माझ्या कुठल्याही पुस्तकात ते सापडत नाही. शेंगा भाजायच्या पोपटीच्या तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होतं. त्यातला कुठला चर्र म्हणजे शेंगा शिजल्या आणि कुठला म्हणजे अजून कच्च्या? वनस्पतिशास्त्र घेऊन मी घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा तू तुझ्या गावात, आपट्याला, घरोघरी साखर वाटली होतीस. ती साखर लोकांकडून परत मागवावी असा प्रकार माझ्या हातून घडला आहे. तो सविस्तर कळवते.

आधी तुझा डोळा कसा आहे ते सांग. मोतीबिंदू काढल्यावर थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात, आठवण होईल तेव्हा नव्हे. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हटलंय, म्हणून फोनवर सांगितलं तसं कर. हे पत्र जो माणूस आणून देईल त्याच्याकडूनच वाचून घे. (वाचणाऱ्यास नम्र विनंती : मोठ्याने वाचावे, मधले गाळू नये, स्वतःचे मत घालू नये.) हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं हाय, समदं बरं हाय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही.

इथे आमचं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. पण मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा ते वाक्य सोडून देते. आई बरी आहे, गुडघे वगळून. बाबा बरे नाहीत. ताप नाही, साखर नाही, रक्तदाब नाही, सगळ्या तपासण्या झाल्या. शेत विमानतळाला गेलं, गाव उठलं आणि नऊ महिन्यांपूर्वी आम्ही या चौथ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हापासून ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात. विमान आलं की वर बघतात, गेलं की खाली बघतात. (आपला बांध धावपट्टीच्या नेमका कुठे आला हे त्यांनी एकदा मला हवेत बोटाने काढून दाखवलं. मला काही कळलं नाही, तरी मी हो म्हटलं. ते खोट्यात धरू नये.) आई म्हणते, माणूस घरात आहे की नाही ते खुर्ची करकरली तरच कळतं.

यंदाचा वसंत मला हायवेच्या कडेला भेटला. शाळेत जाताना कळंबोलीच्या अलीकडे एक काटेसावर आहे, एकटीच. एका सकाळी बघते तर अंगावर पान नाही आणि नुसती लालभडक फुलं. निम्मी ट्रकांच्या चाकांखाली गेलेली. मला एकदम गावची सकाळ आठवली. आंब्याच्या मोहोराचा वास, कोवळं ऊन, पायाला दव, आणि तू माझ्या तळहातावर भांबुर्ड्याचं पान चुरडून म्हणायचीस, "हुंग. हा वास इसरायचा नाय." मी त्याच दिवशी ठरवलं की बाबांना वसंत परत द्यायचा. आता तू म्हणशील, ही कोण देणारी? पण मी सहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि त्यांना रोज एक साधा आनंद वहीत लिहायला लावते, त्यामुळे मला असं काहीतरी ठरवायची सवय लागली आहे. मी बाबांनाही एक दोनशे पानी वही आणून दिली.

त्यांनी ती नाकारली नाही. आठवडाभराने मी उघडून पाहिली. (परवानगी न घेता. ही चोरी होते, खोटं नाही.) सोमवार : काय नाय. मंगळवार : चहा. साखर जास्त. बुधवार : हायवेला ट्रक उलटला. बघायला गेलो नाय. गुरुवार : विमान उशिरा. शुक्रवारचं पान कोरं होतं. शनिवारी मात्र एकच ओळ होती, ती दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली : जनी शेंगा निवडायची आणि मी मडकं धरायचो.

आत्या, ती ओळ वाचून मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि जाहीर केलं की रविवारी गच्चीवर पोपटी लावायची.

वालाच्या शेंगा बाजारात मिळाल्या, जरा जून, पण मिळाल्या. मडकं कुंभारवाड्यातून आणलं. पेंढा कुठून आणायचा हा प्रश्न होता, तर कलिंगडवाल्याने गाडीतला काढून दिला आणि कशाला हवाय ते कळल्यावर वर एक कलिंगडही दिलं. राहिला भांबुर्डा, मडक्यात अंथरायचा पाला. तो मी स्वतः आणणार असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्याचं शास्त्रीय नाव मला येतं, कुळ येतं, परागकणांचा आकार येतो. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती आणि बाईंनी ती वर्गाला दाखवली होती. नाल्याच्या कडेला जाऊन मी कुळ तपासलं, कुळ बरोबर होतं. वासही बरा उग्र होता. दोन पिशव्या भरून आणला, मडक्याच्या आत अंथरला, शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि मीठ घातलं, वरून पुन्हा पाला कोंबला आणि मडकं गच्चीच्या लाद्यांवर उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, वारा छान होता. आयुष्यात एवढं समाधान मला निकालाच्या दिवशीही झालं नव्हतं.

वाऱ्याची दिशा मी बघितली नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी विनायककाका यांच्या मिसेस कुमुदकाकू यांनी गच्चीच्या पलीकडच्या टोकाला साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते, सहा जुन्या साड्या भरून. सगळा धूर थेट त्यांच्यावर गेला. मग एक लादी तडकली, फट्कन, बंदुकीसारखी. मग दुसरी. विनायककाका बनियनवरच धावत वर आले. त्यांनी मला अतिशय सभ्यपणे विचारलं की हा कुठला सण आहे आणि तो आमच्यात दरवर्षी असतो का. (ते बँकेतून निवृत्त झाले आहेत, रागावले की त्यांचं मराठी शुद्ध होतं.) दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली : "गच्चीवर कोणत्याही सभासदाने मडके उलटे करू नये." तिच्याखाली सुलटं चालेल का असं कुणीतरी पेनने लिहिलं आहे. ते अक्षर माझं नाही.

पण खरं ते पुढेच आहे. एवढ्या गोंधळात बाबा गच्चीवर आले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा ते जिना चढले, आत्या. मी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. लहानपणी तू आम्हा सगळ्यांना गप्प बसवायचीस, पाणी उडवून कान मडक्याजवळ न्यायचीस आणि म्हणायचीस, "अजून रुसलंय. राहू दे." दुसऱ्यांदाही रुसलेलंच असायचं. मग कधीतरी तू म्हणायचीस, "हां, बोललं," आणि बाबा उपरण्याने धरून मडकं उचलायचे. मी घाईघाईत उचललं. शेंगा वर्तमानपत्रावर ओतल्या, निम्म्या करपलेल्या, निम्म्या कच्च्या, आणि सगळ्यांना औषधाच्या दुकानासारखा वास. बाबांनी खाली बसून पाल्याचं एक पान उचललं, चुरडलं, हुंगलं.

"ही रानमोडी हाय," ते म्हणाले. "हिला गुरं पन तोंड लावत नाय."

मी म्हटलं, बाबा, कुळ एकच आहे. एक कच्ची शेंग सोलून त्यांनी ती शांतपणे खाल्ली, मग दुसरी खाल्ली. मग उठताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जनीला इचारायचं व्हतं."

दोन वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते खाली गेले, खुर्ची करकरली, आणि ती वही त्यांनी माळ्यावर टाकून दिली.

ती शेवटची पोपटी मला विसरता येत नाही. शेत ताब्यात जायच्या आधीचा महिना. शेंगा खाऊन झाल्या, विस्तव निवत होता, आणि तू साधंच विचारलंस, "भगवान, पुढल्या साली कुठं लावायची रं?" बाबा म्हणाले, "तुला काय त्याचं? तुझं शेत आपट्याला हाय." ज्या शेतातला वाटा तू कधी तोंडाने मागितला नाहीस, त्याच शेतात बसून ते म्हणाले. तू हात धुतलेस आणि एसटी गाठलीस. तुझ्यासाठी बांधलेली शेंगांची पुडी बांधावरच राहिली. ती बाबांनी घरी आणली होती. आईने चार दिवसांनी टाकायला काढली, तर त्यांनी टाकू दिली नाही. वाळून कडकड वाजायला लागेपर्यंत ती फळीवर होती. हे तुला कुणी सांगितलं नसेल. (वाचणाऱ्याने इथे खोकू नये. पुढे वाचावे.)

चूक कुणाची हे मी ठरवत नाही. मी पूर्वी सगळंच ठरवायचे. पदवी मिळाल्यापासून तर फारच. पण रानमोडी आणि भांबुर्ड्यातला फरक ज्या मुलीला कळला नाही, तिने माणसांबद्दल जरा दमाने घ्यावं असं आता वाटतं.

थेंब घाल. उन्हात जाऊ नकोस.

तुझीच,
समृद्धी

ता.क. तुझ्या परसामागे नदीकाठी भांबुर्डा असेलच. हंगाम संपत आला, तरी एक जुडी हे पत्र आणणाऱ्याबरोबर पाठव. माझं एवढंच मागणं आहे.

ता.क. २. माझं एवढंच मागणं नाही. मी खोटं बोलत नाही असं वर लिहिलं, ते काल दुपारपर्यंत खरं होतं. काल मी बाबांना सांगितलं की आत्या लेकीकडे जासईला गेली आहे, घर बंद आहे, तुम्ही नुसतं पत्र दाराच्या फटीतून आत सरकवा आणि परसातला पाला तोडून आणा. ते लगेच तयार झाले. तू नाहीस म्हटल्यावर इतक्या लगेच तयार झाले की मला वाईट वाटलं, पण मग त्यांनी नवं मडकं स्वतः वाजवून निवडलं आणि शेंगा दोन किलो घे म्हणाले. एकट्या माणसाला पाला आणायला जाताना मडकं आणि दोन किलो शेंगा कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. तेव्हा आत्या, तुझ्यासमोर उभं राहून हे जो वाचतोय त्याला आधी बसायला दे. दोन वर्षं विस्तवावर आहे तो. पाणी शिंपडून बघ, तुला आवाज कळतो.

ता.क. ३. बाबा, परतीच्या एसटीकडे बघू नका. आई कालच मामाकडे गेली, मी सोमवारी शाळा सुटली की थेट आपट्याला येतेय, आणि घराची चावी आज तुम्ही दुपारचे झोपला होतात तेव्हा तुमच्या जुडग्यातून मी काढून घेतली आहे.