जाळी तुटते तो क्षण

२ जुलै, बुधवार
पीएचडीला आठ वर्षं झाली. आजपासून रोज अठरा तास काम. ही मुदतवाढ शेवटची. तीस तारखेला समितीपुढे निकाल मांडायचा, नाहीतर नोंदणी रद्द. पौडच्या कॉलेजातली नोकरीही त्यावरच कायम होणार. घाबरण्यासारखं काही नाही. आज पाऊस फार, उद्यापासून सुरुवात.

६ जुलै
विषय सोपाच आहे. माले गावच्या ओढ्यातलं एकपेशीय शेवाळ. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर. या शेवाळात ते एकच, जाळीसारखं पसरलेलं. पेशी दुभंगण्याआधी जाळी ताणते, मधोमध तुटते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तो क्षण टिपायचा, बस्स. बायकोला, साजिदाला, नीट समजावलं. ती म्हणाली, दळण आणा.

९ जुलै
घरी खिडकीत बाटलीत शेवाळ वाढवतोय, त्यातले चार थेंब पुण्याच्या लॅबमध्ये नेले. मायक्रोस्कोप दोन तास मिळाला. दिवा फुल्ल केला. जाळी ढिम्म.

१६ जुलै
शोध लागला. जाळीचे दोन नव्हे, सात तुकडे. पोत तुटून मणी घरंगळावेत तसे. जगात कुणी पाहिलेलं नसणार. गाईड साधना मॅडमना फोटो पाठवले. उत्तर नाही. थक्क झाल्या असतील.

१७ जुलै
प्राचार्यांना सांगून टाकलं. कायम झाल्यातच जमा.

२३ जुलै
पुन्हा सात. एकदा नऊ. मॅडमनी विचारलं, पुढे पेशीच्या दोन झाल्या का? तेवढं बघायचं राहिलं. थांबलो असतो तर पौडची बस चुकली असती.

२८ जुलै
मॅडम स्वतः मायक्रोस्कोपला बसल्या. नव्या थेंबातही सगळीकडे मणीच. हळू आवाजात म्हणाल्या, "हाफीज, हे विभाजन नाही. पेशी मरायला लागली की जाळी अशी तुटते." मी म्हटलं, काही पेशी मरता मरता विभागत असतील. त्यांनी दिवा बंद केला.

३० जुलै
नोंदणी रद्द. समितीने चहा पाजला, बिस्किटंही दिली. प्राचार्यांना अजून सांगितलेलं नाही.

३१ जुलै, संध्याकाळ
साजिदाला सांगितलं, की दोन आठवडे जे जन्म म्हणून टिपत होतो ते मरण निघालं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ते शेवाळ तं कवाच मेलंय. पंधरा दिस झालं बाटली पिवळी पडलीया. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."
खिडकीतली बाटली पाहिली. पिवळीच होती. फार लाज वाटली.
तिने विचारलं, बाटली घासून टाकू का.
हो म्हटलं.