रिकाम्या गाडीचं वजन

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६. सेलू.

आज जिनिंगमध्ये रुजू झालो. काम काट्यावरचं आहे. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला जमिनीत बसवलेला लोखंडी पाट आहे. त्यावर बैलगाडी मावते, ट्रकही मावतो. शेजारच्या खोलीत दांडी. दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं, दांडी थांबली की आकडा वाचायचा आणि वहीत शाईनं लिहायचा. काटा पाच किलोच्या खाली बोलत नाही. गाडी आधी भरलेली मोजायची, मग कापूस उतरवून रिकामी. मधला फरक तो कापूस.

माझी नववी अर्ध्यात सुटली. अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीत आम्हाला रातोरात गाव सोडावं लागलं, त्यात दप्तर मागं राहिलं. पण मॅनेजरांनी माझं अक्षर पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. सहा महिने कच्चं ठेवतील, मग पक्कं.

जुने काटेवाले व्यंकटराव चाळीस वर्षांनी डोळ्यांपायी खुर्चीवरून उतरले. आता फाटकाशी बसून असतात. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. वहीत खाडाखोड न्हाई. चूक झालीच तर मॅनेजरच्या सहीनं दुरुस्ती, आणि कच्च्या माणसाची दुरुस्ती म्हणजे त्याचा गाशा गुंडाळला. दुसरी, रिकामी गाडी मोजताना गाडीवान खाली उतरला पाहिजे, त्याची बायको उतरली पाहिजे, घोंगडीसुद्धा काढायला लावायची. रिकामं म्हंजी रिकामं. मी म्हणालो, बरोबर, नाहीतर शेतकऱ्याचा कापूस कमी भरायचा. ते म्हणाले, त्ये तर हायच. आणि उठून फाटकाकडं गेले.

जेवणाची सोय सुलाबाईंच्या खानावळीत झाली. चार भाकरी खाल्ल्या. येताना ही वही आणि दोन पेन्सिली घेतल्या. शुद्धलेखन सुटू नये म्हणून जमेल तसं लिहीन. फार दिवसांनी बरं वाटतंय.

रविवार, १६ नोव्हेंबर.

आठवड्यात दोन मित्र झाले. भुजंग हा इथल्या बड्या आडत्याचा मुलगा, सिताराम गॅरेजवाला. भुजंगला मोटारीच्या शर्यतीचं वेड लागलंय. चार जानेवारीला पिंगळीच्या माळावर हौशी लोकांची शर्यत आहे. चुन्याच्या रेघा मारून, पिंपं ठेवून गोल वाट करणार आहेत. गाडी जुनी हवी, आत दोघं हवेत, एक चालवणारा आणि एक जोडीदार. नियमांचा छापील कागद भुजंगनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग जाहीर केलं की जोडीदार सूर्यभान, म्हणजे मी. कारण विचारलं तर म्हणाला, अरे तू म्हंजी कापसाचं बोंड, गाडीला कळणार बी न्हाई तू बसल्यालं.

आज गाडी निवडली. भुजंगनं तीन गाड्या आणवल्या होत्या. एक जीप, एक मोठी काळी मोटार आणि एक निळी, बुटकी, दोन दारांची. निळीवरचा कंपनीचा बिल्ला कुणीतरी उपटून नेलेला. जीप सितारामला आवडली होती. भुजंग म्हणाला, आवडीचं काही न्हाई, जी हलकी ती आपली, काट्याला विचारू.

जीप आणि काळी, दोन्ही हजाराच्या वर भरल्या. निळीचा हातब्रेक धरत नव्हता आणि पाटाला थोडा उतार आहे, म्हणून मी आत बसून पायानं ब्रेक दाबून धरला. दांडीवर भुजंग होता. मी ओरडून सांगितलं की थांब, चाकाला दगड लावून मी उतरतो. तो खोलीतून ओरडला, बस की रे गपचिप, तुझं वजन त्ये काय! सिताराम पोट धरून हसला. मीही हसलो.

आठशे पन्नास. मागं गाठींचा ट्रक भोंगा वाजवत होता. मी पळत येऊन वहीत लिहिलं: निळी मोटार, रिकामी, ८५०.

शाई वाळल्यावर लक्षात आलं. त्यात पन्नास माझे आहेत. गाडी खरी आठशेची. पण खाजगी गाडी, कापसाचा संबंध नाही, कुणाचं नुकसान नाही. राहू दिलं.

रविवार, २३ नोव्हेंबर.

गाडी हलकी करणं चाललंय. मागची सीट, जादा चाक, मागच्या काचा, पायाखालचं सगळं काढलं. काढलेलं सामान मी गाठींच्या लहान काट्यावर मोजलं, साठ किलो. मग निळी मोठ्या काट्यावर घेतली, चाकांना दगड लावून, आत कुणी नाही.

वहीप्रमाणे सातशे नव्वद यायला हवी होती. सातशे पन्नास आली म्हणून भुजंगनं मला उचलून गरकन फिरवलं. पण खरी तर सातशे चाळीस यायला हवी. दहा किलो कुठून आले? प्रमाणाची वजनं ठेवून काटा तपासला. काटा बरोबर आहे.

दोन दिवस अंग जड वाटतंय, असं लिहिणार होतो. जड नाही. दमल्यासारखं वाटतंय. वीस पावलं चाललो की बसावंसं वाटतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

सुलाबाई म्हणाल्या, चार चार भाकरी खायलास, जातंय कुठं? मी म्हणालो, अंगी लागतंय. त्या म्हणाल्या, बाजंवर बसलास तर दोरीसुदिक करकरंना.

दुपारी सहज लहान काट्यावर उभा राहिलो. चाळीस.

पट्टा त्याच भोकात बसतो. सदरा तसाच बसतो. आरशात गाल तेच आहेत. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा चाळीस.

रविवार, ३० नोव्हेंबर.

निळी, सातशे पासष्ट. आठवडाभर तिच्यात एक खिळा घातलेला नाही. सितारामनं शपथ घेतली. म्हणाला, आपुन काढून घ्यायलाव अन् ही जेवायलीच हाय.

संध्याकाळी मी स्वतःला मोजलं. पंचवीस.

तिला पंचवीस जास्त. मला पंचवीस कमी.

दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बराच वेळ पाहत बसलो. हिशेबात चूक नाही.

शनिवार, ६ डिसेंबर.

वस्तीतल्या विहारात जाऊन आलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्ती लावली. परतताना मऊ फुफाट्याची वाट होती. मागं वळून पाहिलं तर माझ्या पुढं गेलेल्या माणसांची पावलं उमटली होती. माझी नव्हती. पाय आपटला. धूळ उडाली नाही.

वारा सुटला तेव्हा विजेचा खांब धरून थांबलो. फार थकवा आला आहे.

रविवार, ७ डिसेंबर.

व्यंकटरावांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोडा वर उचलला, आणि सोडून दिला. मग हळू आवाजात विचारलं की रिकामी म्हणून लिव्हलास का? शाईनं?

निजामाच्या काळात, त्यांच्या आधीच्या काटेवाल्याच्या हातून असंच झालं होतं. एक गाडीवान आत झोपला होता, घोंगडीखाली. ती गाडी रिकामी म्हणून लिहिली गेली. काट्यावर लिहिलेलं गाडी आपलं धरती, ते म्हणाले, अन् आपलं धरलेलं वढून घेती. गाडीवानाचं पुढं काय झालं ते मी विचारलं. ते म्हणाले, गाडी लय वर्षं चालली.

उपाय आहे. मॅनेजरसमोर ती ओळ खोडायची. मग मी एकट्यानं मोठ्या काट्यावर उभं राहायचं, आणि माझ्या नावापुढं माझं वजन लिहायचं. जितकं उरलं असंल तितकं. तितकं तरी तुझं ऱ्हाईल पोरा. पण काटा पाचाच्या खाली बोलत न्हाई, येवढं ध्यानात ठिव.

ओळ खोडली की नोकरी गेली. मॅनेजर गुरुवारी परभणीहून येतात. गुरुवारी सांगतो.

गुरुवार, ११ डिसेंबर.

मॅनेजर आले. वही चाळली. सगळ्यांना बोलावून दाखवली. महिना झाला, एक खाडाखोड नाही, म्हणाले. नववी नापास लिहितो आणि तुम्ही मॅट्रिकवाले गिरगटता. सूर्यभानला मेपर्यंत थांबवायचं नाही, नवीन वर्षातच पक्का करू.

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी नापास नाही, शाळा सुटली, हेही बोललो नाही. दुसरंही बोललो नाही.

सोमवारी बोलेन.

रविवार, १४ डिसेंबर.

निळी सातशे पंच्याहत्तर. मी पंधरा.

आज माळरानावर सराव होता. जोडीदाराच्या जागेवर बसलो, दार लावलं, आणि महिनाभरानं पहिल्यांदा सीट माझ्याखाली दबली. हाताला हात जड लागला. श्वास छातीत पुरता गेला. इतकं बरं वाटलं की मला झोप लागली. भुजंग वेड्यासारखी गाडी हाणत होता आणि मी झोपलो होतो. त्यानं चापट मारून उठवलं. म्हणाला, मर्दा, शर्यतीत झोपणारा पयला माणूस तू.

उतरताना पाय जमिनीला लागायला वेळ लागला. सिताराम चाकापाशी वाकून पाहत होता. म्हणाला, ह्यो उतरला तरी डावी बाजू वर का येईना?

सोमवार, १५ डिसेंबर.

बोललो नाही. मॅनेजर घाईत होते.

शनिवार, २० डिसेंबर.

पेन्सिल उमटत नाही. दोन्ही हातांनी दाबून लिहितो आहे. टोक ओलं केलं तरी फिकट. थोडक्यात लिहीन.

मॅनेजर रजेवर गेले. पाच तारखेपर्यंत.

व्यंकटराव म्हणतात, त्यांची वाट बघू नगं. आपल्या हातानं खोड.

सोमवार, २२ डिसेंबर.

सकाळी फाटक उघडायच्या आधी गेलो. ओळ खोडली. माझी पहिली खाडाखोड. शाई उमटली की नाही कळेना, पुन्हा पुन्हा गिरवली.

पाटावर उभा राहिलो. व्यंकटराव दांडीशी. त्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपतात.

दांडी हलली नाही.

उडी मारली. हलली नाही.

ते बराच वेळ दांडीला हात लावून बसले. मग विचारलं, उभा ऱ्हायलास का? मी म्हणालो, उभा आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, आलास का रे?

वहीत माझं नाव लिहिलं. पुढं आकडा नाही.

रविवार, २८ डिसेंबर.

निळी सातशे नव्वद. वहीत जे होतं तेच. भुजंग म्हणाला, सूर्याची वही बरोबर निघाली शेवटी. माझ्या शेजारच्या भिंतीकडं बघून म्हणाला.

खोडलेली ओळ पाहिली. खोडल्याची रेघ नाही. निळी मोटार, रिकामी, ८५० — ठळक.

माझं नाव शोधलं.

बुधवार, ३१.

सुलाबाईंनी ताट वाढलं नाही. समोर बसलो होतो. भूकही नाही.

शुक्रवार, २ जाने.

दार लावून, खिळ्याला धरून — वारा —

फार दमलो. दमायला अंग लागतं असं वाटायचं.

रविवार, ४ जानेवारी १९८७. पिंगळी.

गाडीत बसलो आहे. इथं अक्षर ठळक येतं. शाळेतल्यासारखं येतं. थकवा नाही.

पहाटेच गॅरेजमध्ये जाऊन माझ्या जागेवर बसलो. भुजंग एकटा आला. गाडी चालवत आला आणि रस्ताभर माझ्याशी बोलला नाही. शिव्या दिल्या. मागून ट्रकमधून येणाऱ्या सितारामला रेल्वे फाटकाशी म्हणाला, वहीवाला भ्याला रे, पळाला, जोडीदार आता तूच.

मी त्याच्या दंडाला धरलं. त्यानं डास झटकल्यासारखं केलं.

शर्यतीआधी सगळ्या गाड्या इथल्या गुदामाच्या काट्यावर मोजतात. रिकाम्या. हलक्यांचा गट वेगळा, जडांचा वेगळा. आमच्या पुढं दोन गाड्या आहेत.

खाली उतरावं का? उतरलो तर — बाहेर वारा आहे. माळ मोकळा आहे. धरायला काही नाही.

न उतरावं तर पुन्हा तेच लिहितील.

एक गाडी राहिली.

इथला काटेवाला माझ्याच वयाचा दिसतो. हातात वही. टाक कानावर. अक्षर बरं असेल. मी पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: आत माणूस आहे. वजन पन्नास. नाव सूर्यभान. काचेला लावून धरलं आहे.

पाटावर चढलो. भुजंग उतरला. दगड लावायलेत.

काटेवाला येतो आहे. चांगला माणूस आहे, नीट तपासतो. मागं वाकून बघितलं. पुढं आला. काचेतून आत बघतोय. माझ्या तोंडाकडं. कागदाकडं. त्याचे डोळे ओळीवरून फिरत ना—

मी ओरडतोय —

त्यानं भुजंगला विचारलं, सगळे उतरले का. भुजंग म्हणाला, कवाच.

टाक काढला. शाईत बुडवला. मोठ्यानं म्हणत लिहायलाय, निळी मोटार, रिका