माइकची निवड

विश्रांतवाडी, पुणे
१० जानेवारी २०१६

ती. स्व. कुसुमवन्सं यांना उल्काचा वाकून नमस्कार.

वाईला थंडी कडाक्याची असेल. गुडघे काय म्हणतात ते आधी कळवा. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे बातमी आख्ख्या सोसायटीला कळते, फक्त तुम्हालाच ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. सोबत लोकरीचे पायमोजे पाठवते आहे. रंग आवडला नाही तर रात्री घाला.

मी मजेत आहे. सध्या घरात एकच विषय चालू होता, तो म्हणजे माइक.

निवृत्तीनंतर मी व्हिडिओ कॅमेरा घेतला, तेव्हा "आता या वयात कुणाचं शूटिंग करणार आहेस?" असं तुम्हीच विचारलं होतंत. तर मी मंडईतल्या आनंदीबाईंचं करते. त्या भाजी विकतात आणि भाजी कशी निवडायची ते गिऱ्हाइकाला सांगतात. सांगतात म्हणजे झापतात. "वांगं हातात घेऊन बघ. हलकं लागलं तर घे, जड लागलं तर आत नुसत्या बिया हाय. आणि बोटं खुपसू नको, कणीक नाय ती." मी हे इंटरनेटवर टाकते आणि लोक आवडीने बघतात. पण तक्रार एकच. बाईंचे ओठ हलतात आणि आवाज रिक्षाचा येतो.

कॅमेऱ्यातला माइक चहूकडचं सगळं सारख्याच भक्तीने ऐकतो. त्यामुळे बाहेरून वेगळा लावावा लागतो, जो समोरचं ऐकेल आणि बाजूचं दाबेल. त्याला शॉटगन माइक म्हणतात. नावाला घाबरू नका, नळीसारखा लांबट असतो एवढंच.

हे सगळं मला आमच्या वर्गातल्या श्यामसुंदर मास्तरांनी समजावलं. ज्येष्ठांच्या व्हिडिओच्या वर्गाला मी जाते, तिथे ते येतात. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत, राहतात इथेच पलीकडे धानोरीला. फार चौकस माणूस. गवार घेताना एकेक शेंग मोडून बघणाऱ्यांपैकी. मी म्हटलं, जाऊ आणि घेऊन येऊ. श्यामसुंदर म्हणाले, "असं कसं? आधी अभ्यास करायला हवा." मग जवळजवळ महिनाभर अभ्यास झाला. माइकला स्वतःची बॅटरी असावी की तो कॅमेऱ्याच्याच विजेवर चालावा, स्पंज पुरेल की वाऱ्यासाठी वर केसाळ टोपी लागेल, कॅमेरा हातात हलला तर त्याची खरखर आत येईल का. रोज सकाळी फिरताना एक नवी शंका. मी एकदा म्हटलंसुद्धा, की एवढ्या वेळात मी आनंदीबाईंना ओरडून बोलायला शिकवलं असतं. ते म्हणाले, "त्या सध्या कुजबुजतात असं तुम्हाला वाटतं का?"

शेवटी बुधवार पेठेत रहीमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांच्या वडिलांचं पूर्वी तिथे रेडिओचं दुकान होतं. रहीमभाई फार शांत माणूस. काउंटरवर एक लांब आणि एक आखूड असे दोन माइक ठेवले. मला अर्थातच लांब आवडला, रुबाबदार दिसत होता. मी म्हटलं, याने लांबूनसुद्धा आवाज पकडता येईल.

"बाई, ही दुर्बीण नव्हे," रहीमभाई म्हणाले. "लांबचं जवळ आणत नाही, फक्त आजूबाजूचं थोडं दाबतो. तुमचं शूटिंग उघड्यावर आहे की छपराखाली?"

"मंडईत. आतल्या गाळ्यावर."

"मग आखूड घ्या. त्या दगडी इमारतीत आवाज छपराला आपटून परत येतो. तिथे लांब माइकचा गोंधळ होतो, माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. आणि कुठलाही घेतलात तरी काठीला बांधून तोंडाजवळ न्या."

मला पटलं. श्यामसुंदरांनाही पटलं, पण पटलेली गोष्ट ते तपासून बघतात. म्हणून रहीमभाईंनी मला हेडफोन दिला, कॅमेरा दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि श्यामसुंदरांना गल्लीपलीकडे एका बंद शटरपुढे उभं केलं. आधी लांब माइक लावला. ते "उल्काताई, डावीकडून हातगाडी येते आहे" एवढं बोलले. मग आखूड लावला. ते समोरून आणखी काहीतरी बोलले. आवाज चांगला आला. आखूडच घेतला.

बाकी विशेष काही नाही. मटार स्वस्त झालाय. तब्येत सांभाळा.

तुमची
उल्का

*

वाई
१६ जानेवारी २०१६

चि. उल्का हिला अनेक आशीर्वाद.

पायमोजे मिळाले. रंग खरंच वाईट आहे, पण ऊब चांगली आहे. माइकचं सगळं कळलं, माझ्या वयाच्या बाईला कळायला हवं त्यापेक्षा जास्तच कळलं.

बाकी विशेष काही नाही असं तू लिहितेस तेव्हा असतं. आमच्या माधवच्या आजारपणात तू दर पत्राखाली तेच लिहायचीस.

मला कमी ऐकू येतं, वाचता नीट येतं. पत्रात दर दुसऱ्या ओळीला श्यामसुंदर आहेत. हातगाडीचं बोलले ते तू शब्दन्‌शब्द लिहिलंस. त्यानंतर गल्लीपलीकडून काय बोलले ते पत्रात कुठे आहे?

कुसुम

*

विश्रांतवाडी, पुणे
२४ जानेवारी २०१६

ती. स्व. वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा मी मटार सोलत होते. वाचलं आणि सोलत बसले. मग उठून बघितलं तर दाणे कचऱ्यात टाकले होते आणि टरफलं पातेल्यात.

सांगते.

रहीमभाई आखूड माइक लावून आत दुसरी बॅटरी आणायला गेले. श्यामसुंदरांना वाटलं, अजून जोडणी चालू आहे. मी मान खाली घालून हेडफोन नीट करत होते, म्हणून त्यांना तसं वाटलं असेल. गल्लीत हॉर्न वाजत होते, कुणीतरी लोखंडी सळया उतरवत होतं. आणि त्या सगळ्यातून अगदी कानाशी बोलल्यासारखा त्यांचा आवाज आला. सराव करावा तसं बोलत होते. "उल्काताई, मला तुमच्याशी लग्न करायची इच्छा आहे." मग थांबले. बहुधा वाक्य तपासलं. मग म्हणाले, "नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी मंडईत पिशव्या धरायला येत जाईन."

वन्सं, मी वर बघितलंच नाही. पायरीवरच्या फरशीला एक चीर होती, ती बघत राहिले. मग हेडफोन काढून ओरडून म्हटलं, "काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही."

ते म्हणाले, "काही नाही. एक, दोन, तीन म्हणालो."

बसने परत येताना आम्ही सबंध रस्ताभर केसाळ टोपी घ्यायला हवी होती की नको यावर बोललो.

त्यानंतर बरेच दिवस मी गप्प होते. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं ते त्याच दिवसांत. रोज सकाळी फिरायला जायचे. ते हवेबद्दल बोलायचे, मी हो म्हणायचे. घरी आल्यावर कॅमेरा कपाटात ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. कारण ते सगळं त्यात उमटलं होतं. पुसायला बटण दाबायचं एवढंच काम. एकदा बोट तिथपर्यंत गेलंही. मग पुन्हा ऐकलं. माधव गेल्यापासून या घरात रेडिओ आणि कुकर सोडून कुणाचा आवाज नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी मला शांतता आवडते असं मी सगळ्यांना सांगत होते.

गेल्या रविवारी आम्ही नव्या माइकने मंडईत शूटिंग केलं. श्यामसुंदरांनी तो काठीला बांधून आनंदीबाईंच्या डोक्यावर धरला होता. हात भरून आले तरी हलले नाहीत. आनंदीबाई त्या दिवशी पालेभाजीवर बोलल्या आणि काय सुरेख आवाज आला. मेथीची जुडी झटकल्याचासुद्धा आला. शूटिंग संपल्यावर आम्ही बाहेर चहा घेतला. तिथे मी त्यांना हेडफोन दिला. म्हटलं, "जरा ऐकून बघा, आवाज कसा आलाय." त्यांना वाटलं, मेथीचं असेल.

मी सुरू केलं ते दुकानापासून.

त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग कानांपर्यंत लाल झाला. पण त्यांनी हेडफोन काढला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. चहावर साय धरली. मग काढून टेबलावर नीट ठेवला आणि म्हणाले, "वाऱ्याचा आवाज फार आहे यात. ती टोपी घ्यायला हवी होती."

मी म्हटलं, "मला सगळं नीट ऐकू आलं होतं."

"मग त्या दिवशी ऐकू आलं नाही असं का म्हणालात?"

"घाबरले होते."

त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. म्हणाले, "मीसुद्धा. नाहीतर एक, दोन, तीन कशाला म्हणालो असतो?"

मग मला हसू आलं आणि मी हो म्हटलं. एवढं सोपं होतं ते. चहावाल्याने विचारलं, गरम करून देऊ का, तर दोघंही एकदम हो म्हणालो.

हे झालं आनंदाचं. आता जे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले, ते लिहिते.

वन्सं, मी तुमची परवानगी मागत नाही. या वयात तसं मागणं तुम्हालाच आवडणार नाही. पण तुम्हाला कळायच्या आधी कुणालाही सांगणार नाही, असं मी त्यांना सांगितलंय आणि त्यांना ते पटलंय, न तपासता. माधव गेले तेव्हा तुम्ही वाईचं घर सोडून सबंध पावसाळा माझ्याजवळ राहिलात. माझ्या खोलीत खाली गादी टाकून झोपायचात आणि मला झोप नसली की न विचारता दिवा लावायचात. तुमचा भाऊ गेला होता, पण रडायची पाळी तुम्ही मला दिलीत. मला मूलबाळ नाही. आईवडील कधीच गेले, भाऊबहीण नव्हतेच. माझं म्हणावं असं माणूस तुम्ही. आणि तुम्ही माझ्या झालात त्या माधवमुळे.

त्यांचा फोटो जिथे आहे तिथेच राहणार आहे. तसं मी सांगायच्या आधीच श्यामसुंदरांनी सांगितलं. पण फोटोचा प्रश्न सोपा आहे. मला रात्री जाग येते ती दुसऱ्याच प्रश्नाने. उद्या माझं दुसरं लग्न झालं की मी तुमची कोण? भावजय तर उरणार नाही. मग दिवाळीला वाईला कोणत्या नात्याने यायचं, आणि तुम्ही सूनबाईंना काय सांगणार, की ही कोण आलीय?

राग आला असेल तर तसं लिहा. फक्त लिहा. उत्तर आलं नाही तर मला ते सोसणार नाही.

मार्चमध्ये नोंदणी करायचा विचार आहे. चार माणसं, मग घरी जेवण. बाकी काही लपवलेलं नाही.

उल्का

*

वाई
३० जानेवारी २०१६

चि. उल्का,

आशीर्वाद. पत्र मिळालं. एकदा वाचलं, मग राग येतो का बघायला दुसऱ्यांदा वाचलं. आला नाही. रडू आलं. ते माधवसाठी होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझी पाळी राहिली होती, ती झाली.

सूनबाईला वाचून दाखवलं. ती एक-दोन-तीनपाशी हसून हसून लोळली आणि मग तिनेही डोळे पुसले. तिने आनंदीबाईंचा मेथीचा व्हिडिओ मला लावून दिला. हेडफोन घातल्यावर मला बऱ्यापैकी ऐकू आलं. बाई फटकळ आहे, पण बोलते ते खरं. काठी धरणाऱ्याची सावली मेथीवर पडली आहे, ते त्यांना सांग. भूगोलाचे मास्तर असून उजेड कुठल्या दिशेने येतो ते बघत नाहीत.

माधव चांगला होता आणि तू त्याचं शेवटपर्यंत चांगलं केलंस. त्यात आता कुणी काही कमी करू शकत नाही, तूसुद्धा नाही. तेव्हा तो विषय संपला.

आता तुझा प्रश्न. भावजय उरणार नाहीस हे खरं. मी यावर बराच विचार केला. लग्न म्हटलं की दोन बाजू लागतात. मास्तरांकडून कुणी ना कुणी येईलच. तुझ्याकडून कोण? आईवडील, भाऊबहीण कुणी नाही असं लिहितेस आणि वर मी तुमची कोण असं मलाच विचारतेस. त्याचा मात्र मला राग आला.

मी आदल्या दिवशी येते. सूनबाई आणि मुलगाही येतील. तुला साडी मी घेणार आहे, रंगावरून तुझ्यावर विश्वास नाही. तू माझ्याकडून उभी राहशील आणि सही करायला साक्षीदार लागतात त्यात एक मी. दिवाळीचं म्हणशील तर पहिला दिवाळसण वाईला होईल. मास्तरांना सांग, जावयाला आमच्याकडे ताट वाढून मिळतं, पण पिशव्या त्यालाच उचलाव्या लागतात.

तारीख पक्की झाली की लगेच कळव.

तुझ्या माहेरची,
कुसुम