गाविनाच्या लग्नाचं पिंप

४ मार्च
ताप उतरला. नाक अजून बंदच. तरी तळघरात जाऊन गाविनाच्या लग्नाचं पिंप चाखलं. चव काही कळली नाही. कान्नोनाउ थंडीत झोपते, आमच्या सार्डिनियाची वाइनच तशी. नातीला शब्द दिलाय, जूनमध्ये तुझ्या लग्नात आजोबांच्या हातचीच. निश्चय: जागी होईपर्यंत रोज सकाळी एक पेला काढून तपासणे.

१९ मार्च
पंधरा पेले झाले. वास नाही. उत्तरेचा वारा सुटलाय, त्यात कुणालाच वास येत नाही. बायको बोनारिया म्हणाली, अहो, रोज काढताय तर पिंप वरून भरत चला, आत हवा साठली की वाइन आंबते. पन्नास वर्षं वाइन करणाऱ्याला शिकवते! उद्या भरीन.

२ एप्रिल
दूध जळून पातेलं काळं झालं. मी चुलीपाशीच बसलो होतो. बोनारिया बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी विचारात होतो, एवढंच. पिंप भरायचं राहिलं.

१७ एप्रिल
वाइनबरोबर काय वाढायचं ते ठरवायला बसलो. मेंढीचं चीज: चालतं. बडीशेपेतलं कोकरू: चालतं. मग गंमत म्हणून खारवलेली माशाची अंडी घेतली. तांबड्या वाइनबरोबर ती खाल्ली की तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चालली! मधातली पुरी, तीही चालली. माझ्या वाइनबरोबर सगळंच जमतं. अशी वाइन जन्मात एकदा होते.

५ मे
शेजारच्या मळ्यातला बाकीसिओ आला. चाळीस वर्षं माझ्या वाइनला नावं ठेवतोय. घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला, बोबोरे, नाक कुठे गहाण टाकलंस? लग्नाला माझं पिंप घेऊन जा. म्हटलं, माझ्या नातीच्या लग्नात तुझं गढूळ पाणी? जळतो मेला. गाढवाला गुळाची चव काय! बाकीचे येतात, पेला संपवतात, निमूट जातात. आमच्याकडे तळघरात दिलेला पेला उष्टा टाकला तर दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं, ही गोष्ट वेगळी.

२१ मे
बोनारियानं लग्नाच्या पिंपातली वाइन चक्क सॅलडवर ओतली. विचारलं, कसं लागतंय? मी दोन ताटं खाल्ली आणि म्हटलं, झकास. ती एप्रनला हात पुसत आत गेली. डोळे ओले होते. लग्न जवळ आलं की बायका हळव्या होतात.

३० मे
गाविना आली. जवळ घेतलं. तान्ही होती तेव्हापासून तिच्या केसांना एक वास आहे. आज नव्हता. शाम्पू बदलला असेल.

७ जून
लग्न लागलं. दोनशे माणसं. सुरया माझ्या, वाढणारी बोनारिया. मला म्हणाली, तुम्ही यजमान, बसून राहा. लोकांनी मागून मागून घेतली. नवऱ्यामुलाचे वडील उठून पाया पडायचेच बाकी होते. मग बाकीसिओ उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, यंदा बोबोरेनं मला हरवलं. टाळ्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. छाती फुगली. घरापर्यंत फुगलेलीच होती.

८ जून
सकाळी सवयीनं तळघरात गेलो. पिंपावर बोटं वाजवली, वाइन कुठवर आहे ते आवाजावरून कळतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आवाज जिथे बदलत होता, तिथेच बदलला. दोनशे माणसं प्याली आणि यातला एक पेलाही कमी झालेला नाही.
कुंपणापलीकडे बाकीसिओचं पिंप उन्हात उपडं वाळत होतं. रिकामं.
मग वर जाऊन बोनारियाला म्हटलं, बाकीसिओला जेवायला बोलाव. आणि व्हिनेगर विकत आणू नकोस. खाली आहे ते मी मरेपर्यंत पुरेल.