पुनमबद्दल मी काहीच बोललो नाही

४ फेब्रुवारी. सकाळी ९.
स्टँडवर शेजारच्या सोनाजीची पुनम हेल्मेटवाल्या माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली. मला पाहून हात केला. घाबरून केला असणार. पोरीचं लग्न औंढ्याला ठरत आलंय. आपण निवृत्त शिक्षक, आपल्याला काय करायचंय? फक्त बायकोला, शालूला सांगितलं. आणि कटिंगच्या दुकानात रविंद्रला. तो विचारणारच होता.

६ फेब्रुवारी.
कमाल आहे लोकांची! पुनमनं कोर्ट मॅरेज केलं म्हणतात. मी चारचौघांत ठणकावलं, कोर्टाचं नक्की नाही, बाकी मी डोळ्यांनी पाहिलंय.

९ फेब्रुवारी.
औंढ्याच्या पाहुण्यांनी फोनवर नकार कळवला. सोनाजी माझ्याकडेच आला. रडत होता. म्हणाला, "गुरुजी, कोण बोललं आसंल हो?" खूप वाईट वाटलं. म्हटलं, शोध लावतो.

१० फेब्रुवारी.
अकरा घरी चौकशी. सहा घरांना काहीच माहीत नव्हतं. सविस्तर सांगावं लागलं.

१२ फेब्रुवारी. दुपारी.
पुनम घरी आली. बसली नाही. शालूसमोर म्हणाली, "मामा व्हते ते. भरतीच्या परीक्षेला घेऊन चालले व्हते. मी तुमाला हात केला की गुरुजी. मलाच काहून न्हाई विचारलं?" मी समजावलं, मुलीला असं तोंडावर विचारणं सभ्यपणाचं नाही. ती गेली. शालूनं पाठोपाठ औंढ्याची बस धरली. कारण सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी.
शालूनं पाहुण्यांना माझं नाव सांगितलं. माझं! पाहुणे ओशाळले, लग्नाला पुन्हा तयार झाले. शेवट गोड. थोडं श्रेय माझंही.

१५ फेब्रुवारी.
पुनमनंच नकार दिला. म्हणाली, ऐकीव गोष्टीवर फोन करणाऱ्या घरात मला जायचं न्हाई. सोनाजी म्हणे लेकीच्या पाठीशी उभा आहे. मला ओळख देत नाही. पोरगी हट्टी, त्याला मी काय करणार?

२० फेब्रुवारी.
रविंद्रच्या दुकानात शिरलो, तसं चाललेलं बोलणं थांबलं. गाव सुधारलं म्हणायचं. रविंद्रनं दाढी केली, तीही न बोलता. घरी शालूला विचारलं, कुणाबद्दल चाललं होतं? "तुमच्याच."
काय म्हणतात?
"झालं तेवढंच. वाढवून कुणीच सांगत न्हाई."
दिवसभर जेवण गेलं नाही. वाढवून सांगितलं असतं, तर खोटं आहे असं तरी म्हणता आलं असतं.