उपडं घातलेलं ताट

धाकटे, तुला थोरलीचे अनेक आशीर्वाद.

मागच्या खेपेला तुझं पाकीट आलं, आत पत्रच नव्हतं. यापुढे चिकटवण्याआधी आत डोकावत जा. हे अक्षर नातीचं आहे, तोंड माझं.

आम्ही सुखरूप आहोत. तुझी भाची राजदूत म्हणून छान काम करते, फक्त तिची झोप कमी झाली आहे. परवा इथल्या सरकारच्या मेजवानीला तिने मलाही नेलं. ज्या राजदूताने आधी अधिकारपत्र दिलं तो मानाने वर बसतो, असा यांचा नियम. तरी स्वागताच्या अधिकाऱ्याने तिला कालपरवा आलेल्यांच्याही खाली, दाराशी बसवलं. आपल्या देशाशी बिनसलंय, त्याचा राग माझ्या लेकीवर.

ती कानात म्हणाली, "आई, गप्प बस. मी उद्या निषेधाचा खलिता देईन."

म्हटलं, "दे बाई. मी आजच देते."

अपमान झाला तर ताट उपडं घालून उपाशी बसायची या लोकांत जुनी रीत आहे. तिनेच मला सांगितलेली. मी माझं ताट उपडं घातलं. मग तिनेही घातलं. एकाचंही ताट उपडं असलं की बाकीच्यांनी घास घ्यायचा नसतो, म्हणून सगळी पंगत हात आखडून बसली. अधिकाऱ्याने घामाघूम होऊन आम्हाला वर नेलं.

एवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे जेवायला येतोय. त्याला मी माझ्याच शेजारी बसवणार आहे, आणि यजमानांनी वाढलेलं त्याला नाकारता येत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? मिरचीचं लोणचं पाठव. मिरच्या सगळ्यात तिखट घे, आणि गूळ अजिबात घालू नकोस.

तुझी अक्का